खान्देशात राहून कीटकांच्या जीवाश्मांचा अभ्यास कसा सुरू करावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना आणि हौशी अभ्यासकांना कीटकांच्या जीवाश्मांची गोडी लागते, त्यांचा पहिला विचार बहुधा हातोडी घेऊन डोंगरावर जाण्याचा असतो. हा लेख त्यांच्यासाठी लिहिला आहे आणि त्यातली पहिली सूचना अशी की हातोडी काही महिने घरीच ठेवावी. दगडात उमटलेला कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पंख ओळखायला डोळा तयार लागतो. तो तयार करण्याचे साहित्य आपल्या अंगणात, शेतात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भरपूर आहे. पुढील पायऱ्या म्हणूनच जिवंत किड्यापासून दगडाकडे जाणाऱ्या क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: पायाखालचा खडक ओळखणे

खान्देशाचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. हजार अंशांहून अधिक तापमानाच्या लाव्ह्यात किड्याचे शरीर टिकत नाही, त्यामुळे आपल्या काळ्या खडकाच्या अंगात कीटक सापडण्याची आशा धरू नये. धुळे आणि नंदुरबार भागात भिंतीसारख्या लांबवर गेलेल्या काळ्या दगडी रांगा म्हणजे भेगांत शिरून थिजलेला लाव्हा होय, आणि त्यांनाही हेच लागू आहे.

मात्र लाव्ह्याचे सर्व थर एका दमात वाहिले नाहीत. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली, आणि तळ्यांच्या तळाशी बसलेला गाळ पुढच्या लाव्ह्याखाली गाडला जाऊन कठीण झाला. अशा थरांना आंतरप्रस्तरी थर म्हणतात आणि शोधायचे ते यांच्यातच. नागपूर परिसरातील या थरांतून स्टीफन हिस्लॉप या मिशनरी अभ्यासकाने गोळा केलेल्या जीवाश्मांत भुंगेऱ्यांचे अवशेष होते. त्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे आपल्या राज्यातील या अभ्यासाला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. त्याहूनही जुने, ज्युरासिक काळातील कीटक पाहायचे असतील तर विदर्भाच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील कोटा शैलसमूहाकडे वळावे लागते. तेथील चुनखडकात माशांच्या बरोबरीने कीटकही सापडले आहेत.

तापीकाठचा गाळ ही तिसरी गोष्ट आहे. यावल, रावेर, चोपडा या केळीच्या पट्ट्यात हा गाळ अनेक ठिकाणी शंभर मीटरहून जाड असला, तरी भूशास्त्राच्या हिशेबाने तो अगदी अलीकडचा आहे. त्यात किड्यांचे शरीर क्वचितच टिकते, पण वाळवीची भुयारे आणि शेणकिड्यांनी पुरलेले गोळे यांसारख्या खुणा अशा गाळात टिकू शकतात. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे उत्तर पुराश्मयुगीन माणसाने कोरलेले शहामृगाच्या अंड्याचे कवच सापडले आहे. शहामृग हिंडत असत तेथे मोकळे गवताळ रान असणार, आणि अशा रानात शेणकिडे व वाळवी असणे स्वाभाविकच आहे. गाळातील खुणांकडे पाहताना हा संदर्भ मनात असावा.

दुसरी पायरी: आजचे पंख जमवणे

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पंख फुटलेल्या वाळवीचा थवा जमतो आणि सकाळी पडवीत नुसते पंख उरतात. हे पंख झाडून टाकू नयेत. मऊ कुंचल्याने ते कागदावर घ्यावेत आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहावेत. पुढचा आणि मागचा पंख जवळजवळ सारख्याच आकाराचा असतो, ठळक शिरा पुढच्या कडेशी एकमेकींना धरून जातात, आणि पंखाच्या मुळाशी एक सरळ तुटल्यासारखी रेघ दिसते. पंख त्या रेघेवरच गळावा अशी त्याची घडणच असते. आता असाच एक सुटा पंख कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या राळेत अडकलेला सापडला, तर त्यावरून केवळ वाळवी होती एवढेच कळते असे नाही. थवा उडाला होता, म्हणजे पंख टाकण्याची वेळ आली होती, आणि झाडाची राळ त्या वेळी वाहत होती, इतके सारे त्या नखाएवढ्या पंखातून वाचता येते. मला स्वतःला या अभ्यासाची ओढ लागली ती अशाच एका सकाळी, पडवीतले पंख भिंगाखाली धरल्यावर.

त्यानंतर चतुर, नाकतोडा, झुरळ, माशी, मधमाशी आणि भुंगेरा यांचे मेलेले नमुने मिळतील तसे घ्यावेत. प्रत्येकाचा एक पंख पांढऱ्या कागदावर ठेवून मोबाइलने जवळून छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून शिरांचे चित्र हाताने काढावे. हाताने काढण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण शीर कोठे फुटते आणि कोठे दुसरीला मिळते हे पेन्सिल फिरवल्याशिवाय लक्षात राहत नाही. जीवाश्मात किड्याचे पाय, मिशा, पोट नाहीसे झालेले असते, पंख मात्र वरचेवर उरतो, आणि शिरांची मांडणी गण आणि कुळ ओळखण्याचा मुख्य आधार ठरते. भुंगेऱ्याच्या बाबतीत उडण्याच्या पंखांवर झाकण घालणारे वरचे कठीण पंख, म्हणजे कवचपंख, सर्वांत जास्त टिकतात, म्हणून त्यांच्यावरील खाचा, टिंबे आणि उभ्या रेघा वेगळ्या नोंदवाव्यात.

पंखावरून किती दूरचे सांगता येते याची दोन उदाहरणे येथे देणे योग्य होईल. फ्रान्समधील कोमांत्री येथील कोळशाच्या थरांतून मिळालेल्या चतुरासारख्या कीटकाला शार्ल ब्रोंन्यार यांनी १८८५ मध्ये मेगान्यूरा हे नाव दिले. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. कीटकांना फुप्फुसे नसतात, शरीरभर पसरलेल्या श्वासनलिकांतून हवा थेट पेशींपर्यंत जाते. म्हणूनच एवढा मोठा देह पोसला जाण्याशी त्या काळच्या हवेतील अधिक प्राणवायूचा संबंध जोडला जातो. आज हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे आणि त्या काळी तो ३० टक्क्यांच्या आसपास असावा, असा अंदाज आहे. दुसरे उदाहरण चीनमधील सुमारे १६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या, रातकिड्यांच्या नात्यातील एका कीटकाचे आहे. त्याच्या पंखांवरील घासण्याचे दाते इतके स्पष्ट उमटले होते की त्यांची मोजमापे घेऊन २०१२ मध्ये संशोधकांनी त्याचा आवाज पुन्हा रचला आणि तो ६.४ किलोहर्ट्झच्या एकाच सुराचा होता, असे दाखवले. डायनासोरांच्या काळातील रात्र कशी ऐकू येत असेल, याचे उत्तर एका पंखाने दिले.

तिसरी पायरी: मातीत किडा पुरून पाहणे

काय टिकते आणि काय नाहीसे होते, हे वाचण्यापेक्षा करून पाहावे. कुंभाराकडून भिजवलेली, गाळलेली बारीक माती आणावी आणि दोन काचेच्या बरण्यांत चार-चार बोटे भरावी. दोन्हींत एक भुंगेरा, एक माशी आणि एक चतुर असे मेलेले नमुने ठेवावेत. पहिल्या बरणीत ते उघडेच राहू द्यावेत आणि वर थोडेच पाणी ठेवावे. दुसऱ्या बरणीत त्यांच्यावर आणखी दोन बोटे माती घालून पाण्याने भरावी आणि झाकण घट्ट लावावे. महिना-दीड महिन्याने माती हलक्या हाताने सोडवली की फरक समोर येतो. उघड्या बरणीतील माशीचा मागमूस राहत नाही, भुंगेऱ्याचे सांधे सुटून कवचपंख वेगळे पडलेले असतात. झाकलेल्या बरणीतील नमुने पुष्कळ बरे असतात. लवकर गाडले जाणे, बारीक कणांची माती आणि प्राणवायूचा अभाव, या तिन्ही अटी जमल्या तरच दगडात किडा उरतो.

हा प्रयोग करताना आणखी एक गोष्ट दिसते. चतुर पाण्यावर तरंगत राहतो आणि लवकर बुडतच नाही. त्यामुळे जीवाश्मांच्या संग्रहात एखादा कीटक कमी दिसला म्हणजे तो त्या काळी कमी होता, असे लगेच म्हणता येत नाही. तळ्याकाठी राहणारे आणि झाडाच्या खोडावर फिरणारे किडे संग्रहात जास्त येतात, उघड्या माळावरचे कमी येतात. नवख्या अभ्यासकाने निष्कर्ष काढताना हे सतत लक्षात ठेवावे.

चौथी पायरी: डिंक, राळ आणि तृणमणी

काष्ठौषधींच्या दुकानातून बाभळीचा डिंक आणि सालईचा डिंक प्रत्येकी थोडा आणावा आणि रात्रभर वेगवेगळ्या पाण्यात ठेवावा. बाभळीचा डिंक विरघळून चिकट पाणी होते. सातपुड्यातील सालईचा डिंक पाणी दुधाळ करतो, पण त्याचा काही भाग न विरघळता उरतो, कारण त्यात राळ असते. पाण्यात विरघळणाऱ्या डिंकापासून तृणमणी, म्हणजे राळेचा जीवाश्म (अंबर), बनत नाही. राळच जमिनीखाली दीर्घकाळ राहून कठीण होते आणि तिच्यात चिकटलेली मुंगी, चिलट किंवा कोळी मिशांच्या केसांसह टिकतो.

त्याच दुकानात धुपासाठी सालवृक्षाची राळ मिळते का ते विचारावे, आणि मिळाली तर एक खडा संग्रहात अवश्य ठेवावा. कारण नवापूर ओलांडून तापीच्या खालच्या अंगाला, सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या खाणींतून जो तृणमणी मिळाला आहे, तो सालाच्याच कुळातील झाडांच्या राळेचा आहे. हा तृणमणी सुमारे ५ ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लखनौच्या बीरबल सहानी पुराविज्ञान संस्थेतील हुकम सिंह यांच्यासह भारतीय, जर्मन आणि अमेरिकी संशोधकांच्या चमूने २०१० मध्ये त्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात १४ गण आणि ५५ कुळे मिळून ७०० हून अधिक संधिपाद प्राणी नोंदले गेले होते. हा तृणमणी पुरता कठीण झालेला नसल्यामुळे द्रावकात विरघळतो आणि किडा सुटा करून सर्व बाजूंनी पाहता येतो, ही सोय बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध तृणमण्यातही नाही.

या किड्यांनी सांगितलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. भारताचा भूखंड मादागास्करपासून तुटल्यानंतर कोट्यवधी वर्षे समुद्रात एकटा सरकत होता, म्हणून त्यावरील जीव जगावेगळे असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तृणमण्यातील अनेक कीटकांचे नातलग युरोप, आशिया आणि अमेरिका या दूरच्या खंडांत निघाले. म्हणजे आशियाला भिडण्याआधी किंवा भिडताना, बेटांच्या साखळीने असो वा अन्य मार्गाने, किड्यांची ये-जा चालू होती. शिवाय सालाच्या कुळातील झाडे आणि त्यांत राहणारे हे किडे पाहता, आज जेथे कोळसा निघतो तेथे त्या काळी सदाहरित उष्ण पर्जन्यवन होते.

तृणमणी विकत घेण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. इंटरनेटवर विकले जाणारे, सुंदर किडा मधोमध बसवलेले खडे पुष्कळदा प्लॅस्टिकचे असतात, आणि म्यानमारमधील सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या अस्सल तृणमण्याचा व्यापार तेथील सशस्त्र संघर्षाशी जोडलेला असल्यामुळे अनेक संशोधकांनीच तो घेणे थांबवले आहे. कोणी खडा तपासायला दिलाच, तर मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घातलेल्या पाण्यात तो टाकावा. तृणमणी तरंगतो, काच आणि बरीच प्लॅस्टिके बुडतात. लोकरीवर घासून गवताची काडी ओढते का हे पाहण्याची जुनी रीत, जिच्यामुळे त्याला तृणमणी हे नाव पडले, ती प्लॅस्टिकलाही फसते. तसेच तृणमण्यातील किड्यापासून जुना डीएनए मिळवून प्राणी परत आणता येईल, या समजुतीला आधार नाही. १९९० च्या दशकातील तसे दावे पुन्हा केलेल्या तपासण्यांत टिकले नाहीत.

पाचवी पायरी: खाल्लेली पाने वाचणे

भाद्रपद-आश्विनात सातपुड्यातील सागाची पाने जाळीदार झालेली दिसतात. अळीने हिरवा भाग खाऊन शिरा तेवढ्या ठेवलेल्या असतात. लिंबाच्या पानावर नागअळीची वळणावळणाची पांढरी वाट असते, करंजाच्या पानांवर गाठी येतात, एरंडीच्या पानाला कडेने अर्धगोल कापलेले असते. अशी पाने वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत आणि प्रत्येकाखाली झाड, तारीख, गाव आणि खाण्याची तऱ्हा लिहावी. सात-आठ तऱ्हा डोळ्यांत बसल्या की जीवाश्म झालेले पान पाहताना त्यावर किडा नसला तरी त्याचे दात दिसू लागतात.

या पद्धतीने मिळालेली एक माहिती आपल्या काळ्या दगडाच्या काळाशी थेट जोडलेली आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे येथे लाव्हा वाहत होता आणि डायनासोर संपले त्याच सुमारास, उत्तर अमेरिकेतील नॉर्थ डकोटा भागातील पानांवर एकाच झाडावर जगणाऱ्या खास किड्यांच्या खुणा एकाएकी पुष्कळ कमी झाल्या. सर्व काही खाणाऱ्या किड्यांच्या खुणा त्या मानाने टिकल्या. किड्यांची कुळे त्या संकटातून बहुतांशी वाचली, असे केवळ शरीरांच्या जीवाश्मांवरून वाटते. पानांनी मात्र दाखवले की झाड आणि किडा यांची खास नाती तुटली होती. जर्मनीतील मेसेल येथील सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या एका पानावर शिरेच्या दोन्ही बाजूंना चाव्याच्या खुणा आढळल्या आहेत. आजही बुरशीची लागण झालेल्या मुंग्या मरताना पानाची शीर अशीच घट्ट धरतात. किडाही उरला नाही आणि बुरशीही उरली नाही, तरी त्यांचा रोग पानावर नोंदलेला राहिला.

सहावी पायरी: दगड हातात घेणे

आता हातोडी बाहेर काढण्यास हरकत नाही, पण आधी फसवे दगड ओळखून घ्यावेत. जळगावचे झिओलाइट प्रसिद्ध आहेत. बेसाल्टच्या पोकळीत त्यांच्या केसासारख्या सुया एका बिंदूतून पसरलेल्या असतात आणि घाईने पाहणाऱ्याला त्या किड्याच्या पायांसारख्या वाटतात. अकिकात आणि दगडाच्या भेगांत मँगनीजची काळी, झाडासारखी नक्षी उमटते, तिला शेवाळ किंवा पंखाच्या शिरा समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. फरक असा ओळखावा: पंखाच्या शिरा एका मुळापासून ठरावीक मांडणीने निघतात, आडव्या शिरांनी जोडल्या जातात आणि पंखाची कड जेथे संपते तेथे त्याही संपतात. खनिजाची नक्षी भेगेच्या कडेपासून आत फुटत जाते आणि तिला मर्यादेची रेघ नसते.

प्रत्यक्ष पाहणीसाठी मार्गदर्शकाबरोबर, जागामालकाच्या किंवा खाणीच्या परवानगीनेच जावे. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांतून परवानगीशिवाय दगड, पान किंवा किडा काहीही उचलू नये. घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यात दोन प्रवाहांमधला लाल मातीचा थर दिसला तर त्याची नोंद घ्यावी, पण वाहतुकीच्या वळणावर थांबून खोदू नये. गाळाचा पापुद्र्यांचा खडक मिळाला तर छिन्नी थराच्या रेघेवर ठेवून हलके ठोके द्यावेत. खडक पुस्तकासारखा उघडला की दोन्ही पाने जपावीत, कारण एकावर उठाव आणि दुसऱ्यावर ठसा असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात फिरवून पाहिले की भर दुपारी न दिसलेला पंख दिसतो. त्यावर गोंद, वॉर्निश किंवा तेल लावू नये आणि दात घासण्याच्या ब्रशने तर मुळीच घासू नये. माझ्या हातून पानाचा एक चांगला ठसा अशाच घासण्याने कायमचा गेला आहे.

ओल्या, काळ्या, कुजट वासाच्या गाळातून किड्यांचे तुकडे वेगळे करण्याची एक रीत शिकण्यासारखी आहे, आणि तिचा सराव उन्हाळ्यात आटलेल्या पाझर तलावाच्या तळच्या चिखलावर करता येतो. चिखल ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवावा, उरलेला गाळ निथळून रॉकेलमध्ये कालवावा, जास्तीचे रॉकेल ओतून काढावे आणि वरून थंड पाणी घालून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. किड्याचे कवच ज्या पदार्थाचे बनते त्या कायटिनला रॉकेल धरून राहत असल्यामुळे कवचपंख आणि डोक्याचे तुकडे वर तरंगतात. ते भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन स्पिरिटमध्ये ठेवावेत. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे, आणि वापरलेले रॉकेल नाल्यात ओतू नये.

ब्रिटनमधील रसेल कूप यांनी याच प्रकारच्या तुकड्यांवरून हिमयुगाचे हवामान मांडले. त्यांना इंग्लंडच्या गाळात एका शेणकिड्याचे अवशेष मिळाले, जो आज तिबेटच्या उंच पठारावर राहतो. हवामान बदलले तेव्हा तो किडा बदलला नाही, जागा सोडून गेला. कोणता भुंगेरा आज किती थंडी सोसतो हे माहीत असेल, तर त्याचे कवचपंख जुन्या थंडीचे मोजमाप ठरतात.

सातवी पायरी: नोंद आणि कळवणे

थर जागेवर असतानाच छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि दगड उचलण्याआधी वर कोणती बाजू होती तेथे बाण काढावा. चिठ्ठीवर गाव, तालुका, मोबाइलवरील अक्षांश-रेखांश, थराची जाडी, खालचा आणि वरचा खडक, तारीख आणि शोधणाऱ्याचे नाव लिहावे. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, म्हणजे पाणी लागले तरी पुसत नाही. चिठ्ठी नसलेला सुंदर नमुना शोकेसमध्ये शोभतो, पण अभ्यासाला चिठ्ठी असलेला फुटका तुकडाच उपयोगी पडतो.

नमुना कीटकाचा वाटला तर स्वतः नाव ठेवण्याची घाई करू नये. जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना, आणि त्यांच्यामार्फत बीरबल सहानी पुराविज्ञान संस्था किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांना लिहावे. पत्रासोबत पूर्ण दगडाचे एक, जवळून घेतलेले एक आणि तिरप्या उजेडातील एक अशी तीन छायाचित्रे मोजपट्टीसह जोडावीत, हाताने काढलेले शिरांचे चित्र पाठवावे, आणि दगडाची दोन्ही पाने उत्तर येईपर्यंत वर्तमानपत्रात वेगवेगळी गुंडाळून एकाच डब्यात कोरडी ठेवावीत.